विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांमधील परस्पर आधार

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांमधील परस्पर आधार म्हणजे बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, बहुविकलांगता किंवा दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी तशाच परिस्थितीतून जाणाऱ्या इतर आईवडिलांना दिलेली भावनिक, माहितीपर व व्यावहारिक मदत होय. ही मदत दोन प्रकारे दिली जाते. एका प्रकारात अनुभवी पालकाची नव्या पालकाशी गाठ घालून दिली जाते; दुसऱ्यात अनेक पालक ठरावीक काळाने एकत्र जमतात. दुसऱ्या प्रकाराला मराठीत ‘पालक आधारगट’ किंवा ‘स्वमदत गट’ असे म्हणतात.

समुपदेशन किंवा उपचार यांहून हा आधार वेगळा आहे. तो देणारी व्यक्ती तज्ज्ञ असावी अशी अपेक्षा नसते. तिने तशा मुलाला वाढवलेले असावे, एवढीच अट असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत विशेष शाळा, पालकांच्या संघटना आणि अपंगत्वविषयक कायदे उभे राहिले. त्यांपैकी बऱ्याच गोष्टींची सुरुवात पालकांच्या अशा लहानशा बैठकांतून झालेली दिसते.

शब्दप्रयोग

या क्षेत्रातील शब्द वारंवार बदलले आहेत. पूर्वी सर्रास वापरला जाणारा ‘मतिमंद’ हा शब्द आता अवमानकारक मानला जातो आणि त्याऐवजी ‘बौद्धिक अक्षम’ असे म्हटले जाते. मात्र अनेक जुन्या शाळांच्या व पालक-संघटनांच्या नावांत तो अजून टिकून आहे. ऑटिझमसाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत रुळला आहे. शासकीय व्यवहारात ‘अपंग’ या शब्दाची जागा ‘दिव्यांग’ने घेतली असली, तरी अपंगत्व असलेल्या अनेक व्यक्तींना हा नवा शब्द मान्य नाही. पालकांच्या आपसातील बोलण्यात यांपैकी कोणताच शब्द फारसा येत नाही. तेथे ‘आपली मुले’ एवढे म्हटले तरी भागते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप व अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेले मूल जन्मल्यास त्याला निवासी संस्थेत ठेवावे आणि विसरून जावे, असा सल्ला डॉक्टर सर्रास देत. घरी वाढणारी मुले शाळेत घेतली जात नसत. त्यामुळे अशी कुटुंबे एकाच शहरात असूनही परस्परांना अपरिचित राहत. ही कोंडी फोडण्याचे श्रेय काही प्रमाणात नियतकालिके व पुस्तके यांच्याकडे जाते. इंग्लंडमध्ये जूडी फ्रिड या आईने १९४६ साली ‘नर्सरी वर्ल्ड’ या नियतकालिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना संपर्क साधण्याचे आवाहन केले. आलेल्या प्रतिसादातून पालकांची जी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, ती आज ‘मेनकॅप’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत १९५० साली मिनीॲपोलिस येथे विविध राज्यांतील पालक-गट एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना निर्माण झाली. तिचे आजचे नाव ‘द आर्क’ असे आहे. त्याच वर्षी नोबेल पारितोषिकप्राप्त लेखिका पर्ल बक यांनी आपल्या बौद्धिक अक्षम मुलीविषयी ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. एका ख्यातनाम व्यक्तीने घरातील ही गोष्ट उघडपणे सांगणे त्या काळी अपवादात्मक होते.

जर्मनीतील घटनाक्रमाला निराळे महत्त्व आहे. नाझी राजवटीत अपंग मुलांची पद्धतशीर हत्या करण्यात आली होती. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९५८ साली, मारबुर्ग येथे टॉम मुटर्स या डच शिक्षणतज्ज्ञाने पालक व तज्ज्ञांना बरोबर घेऊन ‘लेबेन्सहिल्फे’ ही संस्था स्थापन केली. अशा मुलाचे पालक म्हणून चारचौघांत उभे राहणे, हेच तेथे मोठे पाऊल होते.

स्वमग्न मुलांच्या पालकांची अडचण आणखी वेगळी होती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यानंतरच्या दोन दशकांत आईच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हे मत प्रबळ झाले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने ते सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. ज्या तज्ज्ञाकडे उपाय विचारायचा, तोच दोष देणारा असल्याने पालकांना एकमेकांखेरीज आसरा उरला नाही. ब्रिटनमध्ये १९६२ साली लॉर्ना विंग आणि इतर पालकांनी जी संस्था काढली, ती पुढे ‘नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी’ झाली. विंग या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची मुलगी स्वमग्न होती. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या वडिलांनी १९६४ साली आईला दोष देणाऱ्या सिद्धान्ताचे सविस्तर खंडन केले आणि पुढल्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. हा सिद्धान्त आज पूर्णपणे त्याज्य ठरला आहे.

एका पालकाची दुसऱ्या पालकाशी गाठ घालून देण्याची पद्धतशीर योजना १९७१ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात ‘पायलट पेरेंट्स’ या नावाने सुरू झाली. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची आई आणि एक समाजकार्यकर्ती यांनी ती आखली होती. निदान झालेल्या कुटुंबाला, त्याच प्रकारचे अपंगत्व असलेले मूल वाढवलेला आणि थोडे प्रशिक्षण घेतलेला पालक भेटत असे. हाच नमुना पुढे ‘पेरेंट टू पेरेंट’ या नावाने अमेरिकेच्या अनेक राज्यांत पसरला. मागणी आल्यापासून २४ तासांच्या आत नव्या पालकाशी संपर्क झाला पाहिजे, असा या कार्यक्रमांचा दंडक आहे. निदानानंतरचे पहिले काही दिवसच सर्वांत एकाकी असतात, हा अनुभव त्यामागे आहे.

बैठकांतून न्यायालयापर्यंतचा प्रवासही याच काळात घडला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पालक-संघटनेने आपल्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारला जातो म्हणून राज्याविरुद्ध दावा लावला. त्यात १९७१-७२ मध्ये झालेल्या तडजोडीने या मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य झाला. अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीचा १९७५ सालचा अमेरिकी संघराज्याचा कायदा ज्या खटल्यांवर उभा आहे, त्यांत या खटल्याची गणना होते.

आधाराचे स्वरूप

परस्पर आधाराचा गाभा ज्या ज्ञानात आहे, त्याला समाजशास्त्रज्ञ थॉमसिना बोर्कमन यांनी १९७६ साली ‘अनुभवजन्य ज्ञान’ असे म्हटले. ते पुस्तकी ज्ञानाच्या विरोधी नसते, पण त्याची जागा वेगळी असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवे न ठेवता, मान किंचित पुढे झुकवून बसत्या स्थितीत भरवावे, हे उपचारतज्ज्ञ सांगतो. पण तसे भरवताना एका जेवणाला तासभर लागतो, घरातल्या इतरांची जेवणे खोळंबतात, सासूबाईंना हा सगळा खटाटोप वाटतो आणि तरीही तो का सोडू नये, हे दुसरी आईच सांगू शकते. स्वमग्न मुलाचे केस कसे कापावेत, लग्नसमारंभातल्या गोंगाटात त्याला किती वेळ न्यावे, शेजाऱ्यांना काय व किती सांगावे, मोठ्या झालेल्या मुलाला उचलताना स्वतःची पाठ कशी जपावी, असे प्रश्न दवाखान्यातल्या पंधरा मिनिटांत विचारलेही जात नाहीत.

दुसरा भाग दुःखाचा आहे. समाजकार्याचे अभ्यासक सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ साली ‘दीर्घकालीन शोक’ ही संकल्पना मांडली. बौद्धिक अक्षम मुलाच्या आईवडिलांचे दुःख टप्प्याटप्प्याने संपून जात नाही. ते आयुष्यभर कमीअधिक प्रमाणात सोबत राहते आणि हा विकार नसून स्वाभाविक प्रतिसाद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पालकांनी ‘स्वीकार’ केला पाहिजे, असा आग्रह तज्ज्ञांनी धरू नये, असेही त्यांनी सुचवले. प्रत्यक्षात हे दुःख विशिष्ट प्रसंगी वर येते. बरोबरीची मुले पहिलीत जातात तेव्हा, धाकटे भावंड थोरल्याच्या पुढे जाते तेव्हा, नात्यातल्या समवयस्क मुलीच्या लग्नाची पत्रिका येते तेव्हा ते जागे होते. अशा वेळी समजूत न घालता ऐकून घेणारे माणूस हवे असते आणि ते बहुधा तशाच घरातले असते.

आधार देणाऱ्यालाही लाभ होतो. फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली मांडलेल्या तत्त्वानुसार स्वमदतीच्या गटात मदत करणारी व्यक्ती स्वतःही सावरते. आपण भोगलेले कोणाच्या तरी उपयोगी पडले, या जाणिवेने त्या अनुभवाला निराळा अर्थ येतो. कालचा घाबरलेला पालक दोनतीन वर्षांत दुसऱ्याला धीर देताना दिसतो, याचे हे एक कारण आहे.

भारतातील वाटचाल

भारतात विशेष शिक्षणाच्या अनेक संस्था पालकांनी उभारल्या. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी सुरू केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. ती आता ‘अडॅप्ट’ या नावाने काम करते. दिल्लीतील ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्थाही मेरी बरुआ या आईच्या पुढाकाराने १९९१ साली सुरू झाली. एका मुलासाठी घातलेला घाट पुढे शेकडो मुलांची शाळा होतो, हा क्रम भारतात वारंवार दिसतो. मात्र अशा संस्था काढण्यासाठी लागणारे शिक्षण, पैसा व ओळखी सर्व पालकांपाशी नसतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

देशभरातील पालक-संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ साली स्थापन झाला. त्या काळात पालकांच्या चळवळीची मुख्य मागणी मुलांच्या भविष्यकालीन सुरक्षिततेची होती. १९९९ साली संमत झालेल्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (कायद्यातील तत्कालीन संज्ञा) आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणाची व पालकत्वाची तरतूद झाली. न्यासाच्या मंडळावर पालकांच्या संघटनांच्या प्रतिनिधींना कायद्यानेच स्थान देण्यात आले. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्यताप्राप्त अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली.

कायदे झाले तरी त्यांची माहिती पालकांपर्यंत पोहोचवण्याचे काम बव्हंशी आधारगटच करतात. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने त्याचे आपोआप पालक राहत नाहीत आणि स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. ही गोष्ट अनेकांना बँकेत खाते उघडताना अडवणूक झाल्यावर कळते, किंवा त्याआधी एखाद्या बैठकीत दुसऱ्या पालकाकडून. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र, ‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्यविमा योजना, दहावीच्या परीक्षेतील जादा वेळ व लेखनिक, एसटी व रेल्वेच्या प्रवासातील सवलत, सरकारी कर्मचाऱ्याच्या अपंग अपत्याला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, या प्रत्येक बाबतीत कोणता कागद, कोणत्या खिडकीवर, कोणत्या वारी, हे ज्ञान तोंडोतोंडीच पुढे जाते.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात पालकांचे एकत्र येणे बहुतेक वेळा शाळेच्या किंवा उपचारकेंद्राच्या दारातच घडते. मुंबई परिसरात दूरच्या उपनगरांतून मुलाला घेऊन आलेल्या आईला मधल्या वेळेत घरी जाऊन परतणे परवडत नाही. ती व्हरांड्यात किंवा फाटकाजवळच्या बाकावर शाळा सुटेपर्यंत बसते. लोकलमधल्या दिव्यांगांसाठीच्या डब्यात रोज तीच माणसे भेटतात. कोणतीही नोंदणी, घटना वा पदाधिकारी नसलेले हे गट कोठल्याही अहवालात येत नाहीत. मात्र औपचारिक गटांची सुरुवात बऱ्याचदा त्यांच्यापासून होते. मुंबईत स्वमग्न मुलांच्या पालकांचा ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा गट कार्यरत आहे.

कुटुंबातील दोषारोप हा या बैठकांतील नेहमीचा विषय असतो. ग्रहणात आईने काही चिरले म्हणून मुलाला व्यंग आले, ही समजूत अजून पूर्णपणे गेलेली नाही. नवस, अंगारे, कुलदेवतेचा कोप यांच्या जोडीने ‘तुमच्या घराण्यात असेल’ हेही सुनेला ऐकून घ्यावे लागते. अपंगत्वाचे वैद्यकीय कारण डॉक्टरांनी समजावलेले असले, तरी हा डाग मनातून जाण्यासाठी तेच ऐकून घेतलेल्या दुसऱ्या बाईची भेट अधिक उपयोगी पडते.

वयात येणाऱ्या मुलींचा प्रश्न राज्यात एकदा फार तीव्रतेने पुढे आला. १९९४ साली शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अक्षम मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीत स्वच्छता राखता येत नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले होते. महिला संघटनांनी तीव्र विरोध केला आणि देशभर वाद झाला. पालकांमध्ये मात्र दोन्ही बाजूंची मते होती. मुलीवर अत्याचार होईल व गर्भ राहील, या धास्तीने काहींना ती शस्त्रक्रिया योग्य वाटत होती. शस्त्रक्रियेने गर्भ टळतो, अत्याचार टळत नाही, उलट तो झाल्याचे कळण्याचा एक मार्ग बंद होतो, हा प्रतिवाद तेव्हा झाला. चित्रांच्या साहाय्याने, रोजच्या सरावाने मुलीला पाळीतील स्वच्छता शिकवता येते, हे स्वतः शिकवलेल्या आईकडून ऐकणे अशा बैठकीत सर्वांत परिणामकारक ठरते.

गोव्यात ‘संगथ’ ही संस्था मानसिक आरोग्य व बालविकास या क्षेत्रांत काम करते. स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाशी संवाद साधण्याचे प्रशिक्षण बिगरतज्ज्ञ कार्यकर्त्यांमार्फत देण्याचा प्रयोग गोवा व रावळपिंडी येथे झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले व ते उत्साहवर्धक होते. हे कार्यकर्ते स्वतः तशा मुलांचे पालक नव्हते, त्यामुळे या प्रयोगाला काटेकोर अर्थाने परस्पर आधार म्हणता येत नाही. पण तज्ज्ञांची वानवा असलेल्या भागात प्रशिक्षित सामान्य माणूस काय करू शकतो, हे त्यातून दिसले.

संशोधन

परस्पर आधाराचा परिणाम मोजणे अवघड आहे. अमेरिकेतील ५ राज्यांत १२८ पालकांवर झालेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पालकांची अनुभवी पालकांशी लगेच गाठ घालून देण्यात आली व इतरांना प्रतीक्षायादीत ठेवून तुलना करण्यात आली. ८० टक्क्यांहून अधिक पालकांनी ही मदत उपयुक्त ठरल्याचे सांगितले. त्याआधी १९९८ साली झालेल्या मुलाखतींवर आधारित अभ्यासात यशस्वी जोड्यांमध्ये चार गोष्टी आढळल्या होत्या. समोरचा आपल्यासारखाच आहे ही भावना, आपल्या स्थितीची त्याच्या स्थितीशी तुलना करण्याची मुभा, कोणत्याही वेळी उपलब्धता आणि देवाणघेवाणीतील परस्परता, अशा त्या होत.

ब्रिटिश संशोधकांनी २०१३ साली १७ शोधनिबंधांचा आढावा घेतला. मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांत पालकांना आपली ओळख गवसल्याचे, इतरांच्या अनुभवातून शिकायला मिळाल्याचे व इतरांना मदत करताना समाधान लाभल्याचे एकमुखाने दिसले. मात्र ताण, नैराश्य यांसारख्या गोष्टी प्रश्नावल्यांनी मोजणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नव्हते. म्हणजे पालकांना लाभ जाणवतो, पण तो आकड्यांत नेहमी उतरत नाही. मोजपट्टी चुकीची आहे की परिणामच अल्प आहे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

मर्यादा आणि टीका

गाठ चुकीची पडली तर आधाराचा ताप होतो. नुकत्याच निदान झालेल्या बाळाच्या आईला तीव्र अपंगत्व असलेल्या तरुणाची आई भेटली, तर पुढच्या वीस वर्षांचे चित्र एकदम समोर येऊन ती खचू शकते. उलट, दुसऱ्याचे मूल झपाट्याने प्रगती करताना पाहून स्वतःला दोष देण्याचीही शक्यता असते. दुर्मीळ आजार असलेल्या मुलाला जिल्ह्यात दुसरा जोडीदारच नसतो. बैठकांना वडील कमी येतात. आले तर बहुधा कायदा किंवा पैसा हा विषय असलेल्या दिवशी येतात. शेतमजुरी करणाऱ्या पालकाला बैठकीसाठी दिवसाची मजुरी बुडवणे शक्य नसते, त्यामुळे हे गट शहरी व मध्यमवर्गीय राहिल्याची टीका होते.

अनुभवाचे बळ हेच कधी धोक्याचे ठरते. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १९९८ साली गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित करणारा निबंध प्रसिद्ध केला. तो २०१० साली मागे घेण्यात आला, तरी दरम्यानच्या काळात ब्रिटन व अमेरिकेतील काही पालक-गटांनी त्या दाव्याचा जोरदार प्रचार केला होता. भारतातही खर्चिक व सिद्ध न झालेल्या उपचारांची शिफारस एका पालकाकडून दुसऱ्याकडे सद्भावनेनेच पोहोचते. ‘माझ्या मुलाला गुण आला’ या वाक्याला बैठकीत उत्तर देणे कठीण असते.

सर्वांत मूलगामी आक्षेप मुलांच्या बाजूने आला. जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ साली टोरांटो येथील परिषदेत पालकांना उद्देशून केलेले भाषण ‘डोन्ट मोर्न फॉर अस’ या शीर्षकाने प्रसिद्ध आहे. पालक ज्या मुलासाठी शोक करतात ते कधी अस्तित्वातच नव्हते. जे समोर आहे त्याला मात्र आपल्या जन्माचा शोक होताना पाहावा लागतो, असा त्याचा आशय होता. त्यानंतर पालकांच्या संघटनांनी अपंग व्यक्तींच्या वतीने बोलावे का, हा प्रश्न सतत चर्चेत राहिला आहे. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत दुसरा पर्याय कोणता, असा प्रतिप्रश्न पालक करतात.

पालकांच्या पश्चात

वैद्यकीय सुधारणांमुळे या व्यक्तींचे आयुर्मान वाढले आहे आणि अनेक जण आईवडिलांच्या मागे राहतात. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न मूल लहान असताना गटात दबक्या आवाजात निघतो; पालक साठीला येतात तेव्हा तो एकमेव प्रश्न उरतो. भावंडांनी सांभाळावे अशी अपेक्षा असते, पण ती उघडपणे बोलली जातेच असे नाही. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील ‘आधार’ ही प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींची निवासी संस्था पालकांच्या संघटनेने या गरजेपोटीच उभारली. मुलाच्या निवासाबरोबरच संस्थेचा कारभार पुढे कोण पाहणार, हा प्रश्न अशा सर्वच पालक-संस्थांपुढे आहे. कारण संस्थापकांचे वय मुलांबरोबरच वाढत असते.

राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या कोणत्याही व्यक्तीला मुलाचा पालक नेमण्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करू शकतात. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती यांची मिळून ही समिती बनते. नेमायची व्यक्ती रक्ताच्या नात्यातीलच असावी, अशी अट नाही. त्यामुळे ज्यांना जवळचे नातेवाईक नाहीत, अशा आईवडिलांना आधारगटातील दुसऱ्या पालकाचे नाव सुचवण्याचा मार्गही कायद्याने खुला आहे.